‘पार्ट ऑर्डर में है, सर’

यापुढे जो कोणी मला विचारेल की भाऊ, अमेरिकन गाडी घेऊ का युरोपियन, मेंटेनन्स कोणाचा कमी, त्याला मी तोंडी उत्तर देणार नाही. त्याला वर्कशॉपच्या वेटिंग रूममध्ये नेऊन बसवीन, मशीनचा पाणचट चहा पाजीन, काचेपलीकडे लिफ्टवर लटकलेली माझी गाडी दाखवीन आणि म्हणीन, घे, कर आता हिशेब.

लोकांचं असं होऊन राहिलं आहे की विचारायला येतात तेव्हा त्यांचे व्हिडिओ आधीच पाहून झालेले असतात. तिकडे टेक्सासमधला कोणी टोपीवाला सांगतो, अमेरिकन गाडी दुरुस्तीला स्वस्त, पार्ट कुठेही मिळतात. जर्मन गाडी मात्र वॉरंटी संपली की माणसाला रस्त्यावर आणते. ते ऐकून आमच्या लेआउटमधला माणूस मलाच शिकवतो, ‘अमेरिकनच घ्या, पार्ट स्वस्त असतात.’ अबे, त्याच्या गावात स्वस्त आहेत, कारण तिथे ती गाडी घरची आहे! तू राहतो नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात. तुझ्या घराजवळ कोणाकडे शेवरलेचा हेडलाइट पडून आहे?

आणि त्या अमेरिकेचंच ऐकायचं असेल तर नीट तरी ऐका. तिथे ट्रिपल ए नावाची मोटारमालकांची संघटना दरवर्षी गाडी बाळगायचा खर्च काढते. २०२४ साली नव्या गाडीचा सरासरी आकडा आला वर्षाला १२,२९७ डॉलर. पाच वर्षं आणि दरवर्षी १५,००० मैल धरून. त्यात सगळ्यात मोठा वाटा ना इंधनाचा, ना सर्व्हिसचा. घसाऱ्याचा! गाडीची किंमत जी बसल्या जागी उतरत जाते, तिचा. आमच्याकडे घसारा फक्त सीएला माहीत. बाकीच्यांचे प्रश्न दोनच: ॲव्हरेज किती देते, आणि सर्व्हिसला किती लागतात. एवढ्यावर वीस लाखांचा चेक फाडतात.

बरं, अमेरिकन म्हणजे तरी काय हो? शेवरलेच्या नावावर आपल्याकडे जे विकलं गेलं ते बहुतेक कोरियन देवूचं होतं. स्पार्क म्हणजे मॅटिझचीच पुढची पिढी, ऑप्ट्रा म्हणजे देवूची लासेटी. टॅव्हेरा जपानच्या इसुझूची. फोर्डची पहिली फिगो युरोपातल्या जुन्या फिएस्टावर बेतलेली. जीप कंपास घ्या, नाव एकदम अमेरिकन, पण तिचं दोन लिटरचं डिझेल इंजिन फियाटचं, आणि तेच इंजिन टाटा हॅरियरमध्ये, तेच एमजी हेक्टरमध्ये. जीपची मालक कंपनी स्टेलँटिस, तिचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये. मग कंपास अमेरिकन का युरोपियन? सांगा ना!

दुसऱ्या बाजूला युरोपियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मर्सिडीज येते. रेनॉ क्विड पण युरोपियनच आहे, ८०० सीसीपासून सुरू झालेली. तिचा खर्च मर्सिडीजच्या रांगेत लावणार का? आणि फियाटचं ते १.३ मल्टिजेट, जे स्विफ्ट डिझायरपासून इंडिका व्हिस्टापर्यंत सगळीकडे धावलं, ते तर गावोगावचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो. म्हणून फियाट पुंटोवाल्याला इंजिनची चिंता कधीच नव्हती. चिंता असायची दाराच्या हँडलची. इंजिन मारुतीच्या कृपेनं जगून राहिलं, गाडी हँडलवाचून मरून राहिली.

देशाचा शिक्का बिलात कुठे कुठे येतो, तेही पाहून घ्या. आरटीओ विचारत नाही. महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोल की डिझेल आणि किंमत किती यावर लागतो. पेट्रोलला ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. तयार गाडी बाहेरून आणली तर २० टक्के, तेवढ्यापुरता परदेश आडवा येतो. थर्ड पार्टी विमाही सीसीवर: २०२२ च्या दरानं हजारच्या आत २,०९४ रुपये, पंधराशेपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. अमेरिकन असो की जर्मन, सरकारला सारखंच. मग माझा खिसा कापून कोण राहिलं?

सांगतो.

माझी गाडी युरोपियन. नाव लिहीत नाही. चालवायला लोण्यासारखी, त्याबद्दल तक्रार नाही. मे महिन्यात, जेव्हा नागपुरात पारा पंचेचाळीसवर जातो आणि शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, तेव्हा इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळायला लागलं. निघालं काय, तर प्लास्टिकचा एक सांधा तडकला. हाताच्या तळव्यात मावेल एवढा. मी म्हटलं, बदलून टाका. ॲडव्हायझर मान हलवून म्हणतो, ‘सर, वो अकेला नहीं आता. पूरी असेंब्ली आती है.’ थर्मोस्टॅटची हाउसिंग, वॉटर पंप, सगळी बारात एकत्र. बिल पाच आकडी. तडकलं काय, बदलून काय राहिले! आणि हे एस्टिमेट म्हणजेही एक गंमत. ‘अप्रॉक्स है सर, खोलने के बाद पता चलेगा.’ खोलल्यावर ते कधी कमी झालेलं कोणी पाहिलं आहे का?

ठीक आहे, पैसे देतो. पार्ट कुठे आहे? ‘ऑर्डर में है, सर.’ कधी येईल? ‘पुणे से आ रहा है, सर.’ पुढच्या आठवड्यात फोन केला, ‘ट्रान्झिट में है, सर.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात, ‘बॅकऑर्डर दिखा रहा है, सर.’ म्हणजे वरच माल नाही. अरे, ट्रान्झिटमधला पार्ट बॅकऑर्डरमध्ये गेला कसा? उलटा चालत गेला का? तारीख लिहून द्या म्हटलं तर ‘सिस्टम में नहीं आती, सर.’ पैसे ॲडव्हान्स घेताना मात्र सिस्टममध्ये सगळं येतं. पावतीसकट.

माझं डोकं का फिरतं, ते नकाशा पाहिला तर कळेल. परदेशी गाड्यांचं भारतातलं माहेर म्हणजे आपला महाराष्ट्र! फोक्सवॅगन चाकणला, मर्सिडीज चाकणला, स्कोडा २००१ पासून संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, ऑडी तिथेच. फियाट आणि जीप रांजणगावला. जनरल मोटर्स तळेगावला होती. आणि समृद्धी महामार्गाचं उद्घाटन कुठून झालं? नागपुरातून, डिसेंबर २०२२ मध्ये. आता ७०१ किलोमीटर पूर्ण झाला, कारला १२० ची मर्यादा, आठ तासांत मुंबई म्हणून आमची छाती फुगवून ठेवली. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला संभाजीनगरात असतो. संत्री चालली समृद्धीवरून, पोट्टे चालले रील बनवत समृद्धीवरून, माझा पार्ट कोणत्या रस्त्यानं येऊन राहिला, काही समजत नाही बाप्पा. वाशीम, मेहकर करत देवदर्शनं घेत येत असेल.

कारण मात्र साधं आहे. नागपूरच्या वर्कशॉपनं हळू खपणारा पार्ट स्टॉकमध्ये ठेवला तर त्याचे पैसे अडकतात. म्हणून तो ठेवत नाही. कंपनीचा डेपोही जास्त ठेवत नाही. ऑर्डर आली की वर मागायचं. त्यांचे पैसे वाचले, अडकलं कोण? मी. माझी गाडी. तेवढे आठवडे रोजचा ओला-उबेरचा खर्च माझा, उभ्या गाडीचा हप्ता माझा, विमा चालूच. हा खर्च कोणत्या व्हिडिओत आहे? कोणत्या ब्रोशरमध्ये आहे? ‘पर किलोमीटर रनिंग कॉस्ट इतके पैसे’ असं सेल्सवाला सांगतो तेव्हा गाडी धावून राहिली असं धरतो. उभ्या गाडीचा प्रति किलोमीटर खर्च काढून दाखव ना बे!

बाहेरच्या मिस्त्रीकडेही गेलो. हुशार माणूस, हात चांगला. पाहून म्हणाला, ‘भाऊ, सांधा मी बसवून देईन, पण आत काही कोडिंग मागितलं तं माझ्याकडे तो लॅपटॉप नाही.’ संपलं. युरोपियन गाडीचं कुलूप इथे लागतं. पाना सगळ्यांकडे आहे, सॉफ्टवेअर एकाकडे.

आता अमेरिकन पाहा. आमच्या भाऊजींकडे आहे, ज्या कंपन्या दुकान आवरून गेल्या त्यातली. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये कारखाने बंद करायची घोषणा केली. साणंदचा कारखाना टाटांनी घेतला, तळेगावचा ह्युंदाईनं. सगळ्यांची सोय लागली. ज्यानं आदल्या महिन्यात नवी गाडी घेतली होती त्याची? त्याला ‘सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील’ असा शब्द मिळाला आणि गाडीची किंमत एका बातमीत धाडकन खाली आली. हाच तो घसारा. अमेरिकेत पाच वर्षांत जो पसरून लागतो, तो इथे एका दुपारी लागला.

पण मजा पाहा. किंमत पडली ती पडली, त्यानंतर भाऊजींचा वर्षाचा खर्च माझ्यापेक्षा कमी! बंद पडलेल्या शोरूममधला मेकॅनिक आता स्वतःचं गॅरेज चालवतो. त्याला त्या गाडीचा नट न् नट माहीत. कंपनीचा पार्ट नाही मिळाला तर दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या पार्टबाजारातून कुरिअरनं मागवतो. सांधा गेला तर सांधाच बदलतो, असेंब्लीचं नाव काढत नाही. ज्या गाडीची कंपनी देश सोडून गेली तिचा पार्ट लवकर येतो, आणि जिची कंपनी इथे राज्यात बसून दर दोन वर्षांनी नवं मॉडेल काढते, तिचा मालक वेटिंग रूममध्ये. भाऊजी माझ्याकडे पाहून मिश्कील हसतात. बोलत काहीच नाहीत, तेच जास्त लागतं.

अर्थात त्यांचंही रडगाणं आहे. कोणी मागून ठोकलं की संपले. इंजिनचं सामान मिळतं, पण टेललाइट, बंपर, दाराचं लॉक यासाठी भंगारवाल्यांना फोन करत फिरावं लागतं. रंग जुळला तर सत्यनारायण घालायचा.

विम्यातही हाच घोळ. साधी पॉलिसी असेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे निम्मे पैसे क्लेममधून कापले जातात. आणि आजच्या गाडीत बंपरपासून ग्रिलपर्यंत प्लास्टिकच आहे! म्हणून झिरो डेप, म्हणजे ही कपात टाळणारं कव्हर घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा शहराला आणखी एक शब्द कळला: इंजिन प्रोटेक्ट. पाण्यातून निघालेली गाडी ज्यानं घाईघाईनं स्टार्ट मारून पाहिली, त्याच्याकडे ते कव्हर नसेल तर गेलं इंजिन घरचं. मग ते डेट्रॉइटचं असो की श्टुटगार्टचं.

रस्ते तर विचारूच नका. सिमेंटचा रोड संपतो, जुना डांबरी लागतो, मधल्या पायरीवर गाडी दणकन आपटते आणि चाकाजवळच्या लोअर आर्मचा रबरी बुश ओरडायला लागतो. पातळ टायरच्या महागड्या युरोपियन गाडीला तो दणका थेट रिममध्ये. आणि पेट्रोल? एथेनॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता आपल्याच शहराचा खासदार, त्यामुळे नागपूरकरानं कुरकुर करायची नसते. २०२३ च्या आधीच्या कितीतरी गाड्यांच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच एथेनॉल चालेल असं छापलेलं आहे. पंपावर वीस टक्क्यांचंच मिळतं. ॲव्हरेज थोडं पडलं तर तेही आपल्याच हिशेबात धरा.

सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला म्हणून मला उलीसा आनंद झाला होता. पण जो पार्ट आलाच नाही, त्याच्यावर दहा टक्के वाचवून मी काय करू?

शेवटी वैतागून विकायचं ठरवा. जुन्या गाड्यांच्या डीलरकडे जा. भाऊजींची पाहून म्हणतो, ‘गाडी अच्छी है, लेकिन कंपनी चली गयी ना, ग्राहक नहीं मिलता.’ म्हणून भाव पाडतो. माझी पाहून म्हणतो, ‘गाडी अच्छी है, लेकिन मेंटेनन्स बहुत है, ग्राहक डरता है.’ म्हणून भाव पाडतो. तोंड पाडून तुम्ही देऊन टाकता. आणि दुसऱ्याच दिवशी तुमचीच गाडी, तुमच्याच फडक्यानं पुसलेली, ऑनलाइन दिसते: ‘सिंगल ओनर, नागपूर पासिंग, फॉरेनची बिल्ड क्वालिटी, मेंटेनन्स झिरो. फक्त शौकिनांनीच फोन करावा.’