सोळा पॉइंट सात

ओट्याखालच्या कपाटाची दारं बदलायची ठरली तेव्हा माझी पहिली चूक अशी झाली की मी वाचन केलं. दोन रात्री जागून मला कळलं की चार पट्ट्या आणि मधे फळी असं जोडून चौकटीचं दार केलं, की मुंबईच्या दमट हवेत पट्ट्या हलतात आणि वरच्या रंगावर सांध्याची रेघ उमटते. त्यापेक्षा १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा पाट घ्यावा आणि संगणकावर चालणाऱ्या कोरण्याच्या मशीनने, म्हणजे सीएनसी राउटरने, मधला भाग ६ मिलिमीटर खोल खणून काढावा. कडेला चौकट आपोआप उरते. अख्खं दार एकसंध. सांधाच नाही, तर फुटणार काय? हे वाक्य मी घरात इतक्या वेळा म्हटलं की जपमाळ ओढताना आईच्या तोंडातही तेच आलं.

आमचे सुतारमामा मात्र पाघळले नाहीत.

"म्हणजे पैसे मोजून आणलेल्या मालाचा भुसा करायचा?"

"मामा, आता दार जोडायचं नसतं. कोरायचं असतं."

"भाऊ, शटर बनवताय की लेणी?"

तरी त्यांनी मापं घेऊन दिली. आठ शटरांची, एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर, कानामागच्या पेन्सिलीने. ती पत्रिका घेऊन मी भांडुपला एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात गेलो.

मशीन बघून मी खरंच भारावलो. आठ बाय चारची अख्खी शीट टेबलावर पसरली होती, चाळीसेक किलोची. खालून हवा ओढून तिला अशी घट्ट धरलेली की ढकलून हलेना. वर मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारं करंगळीहून बारीक बिट. पोरगेल्या ऑपरेटरने पत्रिका समोर ठेवून आकडे टाकले आणि स्क्रीनवर आठही दारं एका शीटमधे अशी दाटीवाटीने बसवली की मला सकाळची आठ-बावीसची लोकल आठवली. चौथ्या सीटसुद्धा भरलेल्या.

"काका, मापं इंचातच आहेत ना?"

"इंचातच," मी म्हणालो. 'काका'चं दुःख गिळण्याच्या नादात म्हणालो, हे इथे नोंदवून ठेवतो.

मशीन सुरू झालं. भुसा ओढायला जाड पाइप होता, पण एमडीएफचा भुसा भुशासारखा नसतोच, मैद्यासारखा असतो. तासाभराने बाहेर पडलो तेव्हा टपरीवाल्याने चहा देताना विचारलं, "गिरणी टाकली काय?"

दारं सुरेख निघाली होती. फक्त खणलेल्या भागाचे कोपरे आतून गोल होते. बायकोने दाखवलेल्या फोटोत ते काटकोनात होते. ऑपरेटर म्हणाला, "बिट गोल फिरतं, काका. ६ मिलिमीटरचं बिट, कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई राहणारच. काटकोन हवा तर पटाशीने हाताने काढा." आठ दारं, बत्तीस कोपरे. मी घरी कळवलं की सध्या गोल कोपऱ्यांची फॅशन आहे.

रिक्षावाल्याने गठ्ठे बघून मीटरऐवजी मान फिरवली. म्हणून भाच्याला बोलावून चार-चार दारांचे दोन गठ्ठे लोकलच्या मालडब्यात चढवले. भांडुप, नाहूर, मुलुंड, होऊन होऊन काय होणार? नाहूरच्या आधी एका कोळणीने आपली ओली पाटी माझ्या गठ्ठ्यावर टेकवली.

"मावशी, पाणी लागेल त्याला."

"लाकूडच हाय ना? काय नाय होत."

ते लाकूड नसून लाकडाचे तंतू चिकटद्रव्यात दाबून केलेला पाट आहे आणि त्याची कापलेली कड पाणी पिते, हे तिला समजावायला हवं होतं. पण मालडब्यात कोळणीशी वाद घालायचा तर माणूस मुंबईबाहेर वाढलेला असावा लागतो.

घरी मामांनी पहिलं शटर जागेवर धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हे कोणाचं आहे?"

फटीतून हळदीचा डबा दिसत होता. दुसऱ्या शटराची फट थोडी कमी, तिसऱ्याची पुन्हा जास्त. दोनच दारं चपखल बसली. मी पत्रिका काढली. पहिल्यावर लिहिलं होतं १६.७.

"सोळा पॉइंट सात," मी म्हणालो.

"सोळा इंच सात सूत!"

सुताराच्या इंचात आठ सूत असतात. मामांचा तो टिंब दशांशाचा नव्हता, दम घ्यायचा होता. सात सूत म्हणजे ०.८७५ इंच. संगणक बिचारा शाळेत गेलेला, त्याने ०.७ कापलं. जवळजवळ साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे दीड सुताचा घाटा. जिथे एक सूत होतं तिथे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर निभावलं. ज्याचे सूत जास्त त्याचं नुकसान जास्त. पूर्ण इंचातली ती दोन दारं तेवढी सुटली.

त्यात पाटीखालचं दार फुगलेलं निघालं. मला क्षणभर आशा वाटली. पण एमडीएफ फुगतो तो जाडीत, रुंदीत नाही. फुगायचंच होतं तर कामाच्या बाजूने तरी फुगायचं!

मामांनी माझा जाहीर अपमान केला नाही. ते खाली बसले, सागाच्या पातळ पट्ट्या चिरल्या आणि फेव्हिकॉल लावून तोकड्या शटरांच्या कडांना चिकटवल्या. फुगलेली कड घासून सपाट केली. हौसेने पटाशी घेऊन कोपरेही काटकोनात आणायला बसले, पण पाचव्या कोपऱ्याला आतला भुसभुशीत थर उचकटायला लागला तेव्हा म्हणाले, "गोलच बरे दिसतात." मग रंगारी आला. वरची घट्ट कातडी निघाल्यामुळे खणलेला भाग प्रायमर स्पंजासारखा पीत होता. तीन हात पाजल्यावर त्याची तहान भागली आणि माझे पैसे संपले.

हे मार्चमधलं. ऑगस्टमधे, चार दिवस धो-धो पाऊस लागल्यावर, आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. चिरता चिरता तिने एका शटराच्या कडेवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, सरळ.

"काय रे, तू म्हणाला होतास सांधाच नाही. मग ही रेघ कसली?"