शेवटी कॉपीच ना?

आज दुपारपासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

आमच्या वाडीतला एक पोरगा चित्रकला शिकून गावातच राहिलाय. गुहागरच्या बाजूच्या एका होमस्टेवाल्यांनी त्याला जेवणाच्या खोलीसाठी फ्रेंच चित्रकार मिलेचं ‘द ग्लीनर्स’ रंगवायला सांगितलं. कापणी झालेल्या शेतात सरवा, म्हणजे मागे पडलेली कणसं, वेचणाऱ्या तीन बायका, तुम्ही पाहिलंच असेल. पोरानं अख्खा पावसाळा त्यात घातला. आज चित्र पोचवायला माझी गाडी होती, म्हणून मी समोरच होते. मालकांनी चित्राकडे मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, “शेवटी कॉपीच ना रे? प्रिंट मारून आणली असती तर कितीतरी स्वस्तात पडली असती.” आणि ठरलेल्यातले निम्मे पैसे त्याच्या हातावर ठेवले. पोरगा गप्प. मी बोलले, पण त्याचा उपयोग झाला नाही.

कॉपी म्हणजे यांना नक्की काय वाटतं? बटण दाबलं की बाहेर आली? कोकणातल्या पावसात तैलरंग वाळायचं नाव घेत नाही. कॅनव्हासला मागून बुरशी धरते. मूळ चित्र पावणेतीन फूट उंच आणि साडेतीन फुटांहून थोडं जास्त रुंद आहे, यानं त्याच मापाचं केलं. त्यातलं ते संध्याकाळचं ऊन पिवळं नाही, नारिंगीही नाही. तो रंग सापडेपर्यंत त्यानं किती वेळा खरवडून काढला ते मी येता-जाता बघत होते.

माझे वडील, अण्णा, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. हेच चित्र त्यांनी एका मासिकाच्या पानावर चौकटी आखून, पोस्टर कलरमध्ये मोठं करून पडवीत लावलं होतं. आजीचा जन्म दुसऱ्यांच्या कुणग्यांत लावणी-कापणी करण्यात गेलेला. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “ह्या निळ्या फडक्याच्या बायची मागची मूठ रिकामी कशी? येचलेलं खय ठेवलान तिनं?” अण्णांनी पान काढून भिंगाखाली धरलं. पाठीमागे दुमडलेल्या त्या हातात खरंच वेचलेली कणसं होती. अण्णांना ती दिसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मूठ भरली.

१८५७ साली हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा तिथल्या प्रतिष्ठित मंडळींना ते खुपलं. गरीब बायका एवढ्या मोठ्या आणि पुढ्यात कशाला, म्हणून. मिले स्वतः नॉर्मंडीतल्या समुद्राकाठच्या गावातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं भरलेल्या गंज्या, गाड्या, घोड्यावरचा मुकादम हे सगळं लांब, पुसट ठेवलं आणि या तिघींना पुढे आणलं. आजीनं तो घोडेवालाही शोधला होता. “ह्यो खोताचा माणूस काय?” असं विचारलं होतं तिनं. खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, १९४९ च्या कायद्यानं गेली, पण तिच्या बोलण्यातून गेली नव्हती.

आता तुम्हीच सांगा, मूळ चित्र जिथे आहे ते पॅरिसचं ओर्से म्युझियम आजीला कुठून दिसणार होतं? तिच्यापर्यंत ते चित्र अण्णांच्या पोस्टर कलरनं पोचवलं.

मान्य, नक्कल करून ती अस्सल म्हणून विकणारे चोरच. मान्य, प्रिंटही घरोघरी पोचते. पण प्रिंट काढणाऱ्या मशीनला ती मूठ बघावी लागत नाही. रंगवणाऱ्याला बघावी लागते, आणि चुकली तर आजीसारखं कुणीतरी पकडतं.

चित्रकार व्हॅन गॉगनं फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या इस्पितळात असताना, १८८९-९० मध्ये, मिलेच्या वीसेक चित्रांवरून चित्रं केली, तीही काळ्या-पांढऱ्या छापांवरून. रंग सगळे त्याचे. गवताच्या गंजीच्या सावलीत झोपलेलं जोडपं त्यातलंच, तेही आज ओर्सेमध्येच आहे. बेथोवेनची रचना वाजवणाऱ्या वादकासारखं हे काम आहे, असं त्यानं भावाला कळवलं होतं. आपल्याकडे गुरूची बंदिश गाणाऱ्याला कुणी ‘कॉपी’ म्हणतं का? मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या ग्रिफिथ्स या शिक्षकाच्या हाताखाली १८७२ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या गुहांत बसून भिंतींवरची चित्रं उतरवली. त्यांनाही अर्धेच पैसे द्यायचे का?

आणि आता कुणीतरी येऊन विचारेल, फ्रान्सच्या बायका कशाला, आपल्या लावणीच्या बायका काढ की. काढतोय तो! त्याच्या वहीत इरली घेतलेल्या, गुडघाभर चिखलात तरवा लावणाऱ्या बायका आहेत. वाकलेल्या पाठीचा भार नेमका कुठे पडतो ते त्याला या तिघींनी शिकवलं, हे तो स्वतः सांगतो. वर्षापूर्वीच्या त्याच्या वह्या मी पाहिल्यात. त्यातल्या बायका उभ्या काठीसारख्या होत्या.

मालक वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. हंगाम नसला की त्यांचीही ओढाताण होते, मला माहीत आहे. पण त्यांच्याच आईनं आयुष्यभर भारे वाहिलेत. त्या जेवणाच्या खोलीत पाहुण्यांसमोर तीन कष्टकरी बायका मिरवायच्या आणि त्या रंगवणाऱ्याच्या कष्टात घासाघीस करायची, हे मला गिळवत नाही. उरलेले पैसे द्या, दादा. तुम्ही हे वाचाल, मला ठाऊक आहे. आणि चित्राखाली मिलेच्या नावाबरोबर पोराचंही नाव लावा.

पोरगा पुढचं चित्र ब्रुगेल या जुन्या चित्रकाराचं करतोय, १५६५ मधलं, कापणीचं. मूळ न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे. पिकल्या गव्हाच्या शेतात काहीजण कापतायत, काहीजण झाडाखाली बसून जेवतायत, आणि एकजण पाय फाकून गाढ झोपलाय. मोठं काम आहे, सव्वापाच फुटांच्या वर रुंद. कुणाला घरासाठी, शाळेसाठी, वाचनालयासाठी हवं असेल तर मला मेसेज करा, मी जोडून देते. अर्धे पैसे आधी द्यायचे. आणि भाव करायचा असेल तर मेसेज करू नका.