तबकड्यांच्या किमतीचा निरोप आणि स्पिरिटचा बोळा

‘माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड भंगारात घालू नका, तुमच्या घरात लाखोंचा खजिना आहे’ अशा मथळ्याचा एक निरोप सध्या सोलापुरातल्या नातेवाइकांच्या, सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे आहेत: अमेरिकेत रेकॉर्डनी सीडीला मागे टाकले असल्यामुळे जुन्या रेकॉर्डना लाखांचा भाव आला आहे, लेबलावर कुत्र्याचे चित्र असेल तर किमान पाच लाख मिळतात, या तबकड्यांत चांदी असते आणि त्यांचा मसाला आता जगात कुठेही मिळत नाही, रेकॉर्डचा आवाज शंभर टक्के नैसर्गिक असतो, तर डिजिटल आवाजाचे तुकडे झालेले असतात, विकण्यापूर्वी तबकडी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसावी, उन्हात वाळवावी आणि शक्यतो कर्ण्याच्या फोनोवर वाजवून तिचा व्हिडिओ पाठवावा, आणि नोंदणीसाठी पाचशे रुपये भरावेत.

असे निरोप मी एरवी उघडूनही पाहत नाही. हा मात्र माझ्या आत्यापर्यंत पोचला. तिच्या यजमानांचा साखर पेठेत लाऊडस्पीकरचा व्यवसाय होता आणि त्यांच्यामागे तिने तबकड्यांची पेटी जपून ठेवली होती. निरोप वाचून तिने काही तबकड्यांवर सॅनिटायझरचा बोळा फिरवला, बोळा काळाकुट्ट झाला, आणि ‘किती वर्षांची घाण निघाली बघ’ असे तिने मला फोनवर समाधानाने सांगितले. बोळ्यावर आलेला तो काळा रंग घाणीचा नव्हता, तबकडीचाच होता. म्हणून दाव्यांचा क्रम बदलून मी पुसण्याच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो. किमतीच्या किंवा आवाजाच्या दाव्यांवर विश्वास ठेवणाऱ्याचा फार तर अपेक्षाभंग होईल. या सल्ल्याने वस्तूच नष्ट होते.

आपल्याकडच्या घरांत सापडणाऱ्या जुन्या तबकड्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिली जात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जड, ताठ आणि हातातून पडली की फुटणाऱ्या तबकड्यांची. त्या लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून दाबून काढलेल्या असतात. दुसरी जात लाँग प्ले तबकड्यांची, म्हणजे ज्यांना आज जगभर व्हिनाइल म्हणतात त्यांची. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने त्या बाजारात आणल्या आणि त्या पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या असतात. भारतात मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे गाणे कोणत्या सालातले आहे यावरून तबकडी कशाची आहे हे ठरवता येत नाही. निरोपात या दोन जातींमधला फरक एका शब्दानेही सांगितलेला नाही. सरसकट ‘जुन्या रेकॉर्ड’ म्हणून सगळ्यांना एकच औषध दिले आहे.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे समजायला रसायनशास्त्राचे पुस्तक उघडण्याची गरज नाही, कोणत्याही जुन्या सुताराला विचारले तरी पुरे. तो चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजत घालतो, ती विरघळली की कापडाच्या बोळ्याने लाकडावर चढवतो आणि त्यालाच पॉलिश म्हणतो. निरोप लिहिणाऱ्याने त्याच स्पिरिटचा तोच बोळा लाखेच्या तबकडीवर फिरवायला सांगितला आहे. सॅनिटायझरमध्येही बहुधा साठ-सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोलच असते. तबकडीवरचा सगळा आवाज तिच्या खोबणीच्या भिंतींवर, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक वळणांत साठवलेला असतो. त्या भिंतींचा वरचा थर विरघळून बोळ्याला लागला की त्यावरचे गाणे कोणत्याही यंत्राने परत आणता येत नाही. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांची आयएएसए नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन आणि अंकीकरण कसे करावे, याविषयीची तिची मार्गदर्शिका ‘टीसी-०४’ या नावाने ओळखली जाते आणि तिची दुसरी आवृत्ती २००९ साली निघाली. लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नये, असे तीत स्पष्ट सांगितलेले आहे. जगभरची संग्रहालये या मार्गदर्शिकेचा आधार घेतात. आपल्या निरोपाला मात्र ‘एका तज्ज्ञांनी सांगितले’ एवढाच आधार आहे.

येथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. पीव्हीसीच्या लाँग प्ले तबकडीला अल्कोहोल लाखेसारखे विरघळवत नाही, आणि काही संग्राहक पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून अशा तबकड्या धुतातही. ज्याने हा सल्ला पहिल्यांदा लिहिला, त्याने तो बहुधा अशाच एखाद्या परदेशी संग्राहकाकडून उचलला असावा. पण सॅनिटायझर म्हणजे नुसते अल्कोहोल नव्हे. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन आणि सुवासासाठी आणखी काही घातलेले असते, आणि ते खोबणीत चिकटून बसते. तेव्हा सॅनिटायझर दोन्ही जातींना वर्ज्य समजावे. लाखेच्या तबकडीवर मऊ, कोरडा ब्रश खोबणीच्या दिशेने गोल फिरवावा. फारच मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेले कापड लेबलाला न लावता फिरवून तबकडी लगेच टिपून कोरडी करावी. लगेच अशासाठी, की तिच्यातली काही भरणद्रव्ये पाणी शोषून फुगतात.

उन्हात वाळवण्याचा सल्ला ज्याने दिला, त्याने सोलापूरचा मे महिना पाहिलेला नसावा. येथे पारा चाळिशीच्या वर असतो, आणि उन्हात ठेवलेली काळी वस्तू हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. लाख साधारण ७५ ते ८० अंशांना वितळते आणि मऊ त्याच्या बरीच आधी पडते. पीव्हीसीची तबकडीही तापली की वाकते आणि निवल्यावर वाकलेलीच राहते. उन्हाचे सोडाच, पत्र्याच्या घरात माळ्यावर एकावर एक आडव्या रचलेल्या तबकड्यासुद्धा उन्हाळ्यात वाकतात. त्या उभ्या, एकमेकींना टेकून पण दाब न देता, घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी ठेवाव्यात.

कर्ण्याच्या फोनोवर वाजवून व्हिडिओ काढण्याची कल्पनाही तितकीच घातक आहे. चावीच्या फोनोची पोलादी सुई शंभर ग्रॅमहून अधिक वजनाने तबकडीवर टेकलेली असते, तर लाँग प्ले तबकडीसाठी बनवलेल्या आजच्या पिकअपचा, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचा, भार साधारण दीड ते तीन ग्रॅम असतो. लाँग प्ले तबकडी फोनोवर ठेवली, तर ती सुई खोबणीवरून न जाता तिच्यातून नांगर फिरवते आणि एकाच वादनात ती बाजू कामातून जाते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीतली दगडाची भुकटी सुईलाच घासून खोबणीच्या मापाची करत असे, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई घालण्याची पद्धत होती. आज माळ्यावरून उतरवलेल्या फोनोत कोणत्या काळातली बोथट सुई अडकलेली असेल, हे कोणी पाहत नाही.

आता किमतीकडे वळतो. अमेरिकेचा दावा खरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तेथील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आरआयएए या संघटनेच्या अहवालानुसार २०२२ साली तेथे सुमारे ४ कोटी १० लाख व्हिनाइल तबकड्या आणि सुमारे ३ कोटी ३० लाख सीडी विकल्या गेल्या, आणि संख्येत तबकडीने सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ती पहिली वेळ होती. पण निरोप येथे थांबतो आणि अहवालातले बाकीचे सोडून देतो. त्या वर्षी तेथील संगीत उद्योगाच्या उत्पन्नातला सुमारे ८४ टक्के वाटा इंटरनेटवरून ऐकण्याचा होता. शिवाय, जिला तबकडीने हरवले, ती सीडी २००० साली अमेरिकेत एका वर्षात ९४ कोटींवर खपत होती. तबकडी वर चढली हे खरे, पण सीडी त्याहून कितीतरी अधिक खाली आली होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे आकडे नव्याने छापलेल्या, दुकानात कोऱ्या विकलेल्या तबकड्यांचे आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या तरुणीने तिच्या आवडत्या गायिकेची नवी कोरी तबकडी विकत घेतली, म्हणून साखर पेठेतल्या पेटीतल्या तबकडीचा भाव का वाढावा, याचे उत्तर निरोपात शोधूनही सापडत नाही.

तबकडीची किंमत तिच्या वयावर ठरत नाही. ती किती दुर्मीळ आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि ती हवी असणारा कोणी आहे का, यांवर ठरते. गाजलेल्या तबकडीचे नेमके उलटे होते. १९७५ च्या ‘शोले’च्या संवादांची तबकडी एवढी तडाखेबंद खपली की ती आजही जुन्या बाजारात सहज मिळते, आणि जी सहज मिळते तिला लाख रुपये कोणी देत नाही. अशा बहुतेक तबकड्या शेकड्यांत विकल्या जातात, काही थोड्या हजारांत. स्थितीचा मुद्दा तर सोलापूरकरांनी मनावर घ्यावा असाच आहे. आपल्याकडच्या पुष्कळ पेट्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या घरांतून आलेल्या आहेत. त्या तबकड्या लग्नाच्या मांडवात, मिरवणुकीत आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत धुळीत, दिवसभर, मिळेल त्या सुईने वाजलेल्या आहेत. त्यांनी आपले काम चोख केले, पण त्यांच्या खोबणी झिजल्या, आणि संग्राहक सर्वांत आधी खोबणीच पाहतो.

कुत्र्याच्या चित्राचे पाच लाख हा या निरोपातला सर्वांत हास्यास्पद भाग आहे. फोनोसमोर कान देऊन बसलेल्या निपर नावाच्या कुत्र्याचे ते चित्र फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराचे. ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ साली विकत घेतले आणि पुढे ते एचएमव्हीचे बोधचिन्ह झाले. ही कंपनी भारतातली सर्वांत मोठी तबकडी कंपनी होती. १९०२ साली तिचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गायिका गौहर जानचे ध्वनिमुद्रण केले आणि १९०८ साली सियालदहला तिचा कारखाना सुरू झाला. पुढे कित्येक दशके तिच्या अगणित तबकड्या या चिन्हासह बाहेर पडल्या. केवळ कुत्रा दिसला म्हणून तबकडी अनमोल ठरवणे म्हणजे कोपऱ्यात ‘सोलापूर’ छापलेली प्रत्येक चादर संग्रहालयात ठेवण्याजोगी मानण्यासारखे आहे. खरे तर शोध घ्यायचा असेल, तर तो कुत्रा नसलेल्या, लवकर बंद पडलेल्या लहान कंपन्यांच्या, फारशा न खपलेल्या तबकड्यांचा घ्यावा. सोलापूरच्या पेट्यांत मराठी आणि हिंदीबरोबर कन्नड आणि तेलुगू तबकड्याही निघतात. निरोपाला हिंदी चित्रपटगीतांपलीकडे काही माहीतच नाही.

चांदीचा दावा मी सहज उडवून लावणार होतो, पण त्याच्या मुळाशी एक अर्धसत्य आहे. तबकडीचा साचा बनवताना कोरलेल्या मूळ लॅकर चकतीवर चांदीचा अतिशय पातळ थर फवारतात, म्हणजे तिच्यावर विजेच्या साहाय्याने निकेल चढवता येते. ती चांदी साच्याच्या कामात राहते. घरी आलेल्या तबकडीत चांदीचा कणही नसतो. आणि ‘आता जगात न मिळणारा मसाला’ म्हणजे लाख आजही झारखंडात मोठ्या प्रमाणावर पिकते आणि पॉलिशपासून बांगड्यांपर्यंत सगळीकडे वापरली जाते.

नैसर्गिक आवाजाविषयी थोडक्यात लिहितो. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार स्वर मुद्दाम उचलतात, कारण खर्ज दाबला नाही तर सुई खोबणीत टिकत नाही, आणि तार स्वर उचलले नाहीत तर ते तबकडीच्या खरखरीत बुडतात. वाजवताना ॲम्प्लिफायर ही तडजोड उलट फिरवून मूळ स्वर परत आणतो. शंभर टक्के नैसर्गिक ते हेच काय? सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, आणि माणसाच्या कानाला ऐकू येणारा, साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा सगळा आवाज त्यांतून पुन्हा अखंड उभा करता येतो. हे नायक्विस्ट आणि शॅनन या शास्त्रज्ञांच्या काळापासून गणिताने सिद्ध आहे. काही अल्बम सीडीपेक्षा तबकडीवर अधिक चांगले लागतात, हे मी नाकारत नाही, पण त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की सीडीसाठीची प्रत अकारण कर्कश केलेली असते. डिजिटलचा स्पर्श न झालेल्या म्हणून नावाजलेल्या मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्या प्रत्यक्षात डिजिटल टप्प्यातून गेल्या होत्या, हे २०२२ साली उघड झाले. तोवर त्या तयार कानांच्या संग्राहकांनाही ते ऐकून ओळखता आले नव्हते.

ज्यांना आपल्या पेटीत काय आहे हे खरोखर जाणून घ्यायचे असेल, त्यांनी लेबलाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर उमटवलेला क्रमांक उतरवून घ्यावा. जाणकार त्या दोहोंवरूनच तबकडी ओळखतात. भारतीय तबकड्यांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे तिची शाखा सोलापुरातही निघाली. तेव्हा या शहरात तबकडी कळणारी माणसे नाहीत असे नाही, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला पाचशे रुपये भरावे लागत नाहीत. जो खरा गिऱ्हाईक असतो तो विकणाऱ्याला पैसे देतो, त्याच्याकडून नोंदणी शुल्क मागत नाही. ज्यांनी ते आधीच भरले असेल, त्यांनी त्या क्रमांकावर आणखी काही न पाठवता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे.