‘आयसीडी बंद करून घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आयसीडी म्हणजे हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं, छातीत बसवलेलं छोटं मशीन. त्याबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘छातीत बसवलेलं आयसीडी तीनपैकी एक शॉक उगाचच देतं. मोबाईल-मायक्रोवेव्हनं ते बिथरतं. शॉक बसताना पेशंटला हात लावला तर लावणाराही दगावतो. तेव्हा वेळीच बंद करून घ्या.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर लोक घाबरतात.

‘तीनपैकी एक’ हा आकडा हवेतून आलेला नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, आयसीडीवरच्या मॅडिट-टू अभ्यासातल्या नोंदी पुढे तपासल्या, तेव्हा शॉकच्या घटनांपैकी सुमारे ३१ टक्के चुकीच्या निघाल्या. पण असा शॉक बसलेले पेशंट होते ११.५ टक्के. मेसेजमध्ये हे दुसरं वाक्य नाही. बरं, मशीन चुकलं कुठे? बहुतेक वेळा हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या गडबडीमुळे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनसारख्या त्रासामुळे, ठोके पळत होते आणि मशीनला वाटलं की खालच्या कप्प्यातलाच जीवघेणा प्रकार सुरू झालाय. मशीनपासून हृदयात जाणारी वायर एकच असेल तर त्याला खालचे ठोकेच दिसतात, वर काय चाललंय ते कळत नाही.

यावर उपाय निघालाय. २०१२ च्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात १५०० पेशंट होते. मिनिटाला २०० ठोक्यांच्या पुढे गेल्यावरच मशीननं हात घालायचा, असं सेटिंग एका गटाला दिलं. जुन्या सेटिंगच्या तुलनेत चुकीच्या उपचारांचा धोका ७९ टक्क्यांनी घटला आणि मृत्यूही कमी झाले. मशीन तेच, फक्त सेटिंग बदललं. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचं ते ‘बंद करू का?’ असं नाही, तर ‘माझं सेटिंग कितीवर आहे?’ असं.

मोबाईलचं तर मेसेजनं उलटंच सांगितलंय. फोनवर बोलल्यानं शॉक बसत नाही. धोका फोनमधल्या लोहचुंबकाचा, आणि चुंबक जवळ आलं की बहुतेक आयसीडी शॉक देणंच थांबवतात! २०२१ मध्ये आयफोन १२ बद्दल डॉक्टरांनी हेच नोंदवलं. फोन १५ सेंटिमीटर लांब ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर, असं ॲपलच सांगतं. मशीन बहुधा डाव्या कॉलरबोनखाली असतं, म्हणजे शर्टाच्या खिशाजवळच. फोन पँटच्या खिशात ठेवा, विषय संपला. चांगल्या स्थितीतला मायक्रोवेव्हही बिनघोर वापरा.

घरातली खरी भीती वेगळीच आहे, आणि तिचा मेसेजमध्ये पत्ता नाही: करंट उतरणं. अर्थिंग नसलेलं वॉशिंग मशीन, गळका गीझर, ओल्या हातांनी धरलेला नळ. आपल्याला फक्त झिणझिण्या येतात, पण तो ५० हर्ट्झचा करंट वायरीतून आयसीडीपर्यंत पोचला तर त्याला तो हृदयाचा थरकाप वाटू शकतो. असे शॉक बसल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा मायक्रोवेव्ह विकण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वायर तुटूनही चुकीचे शॉक बसतात. २००७ मध्ये आयसीडी बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीनं स्प्रिंट फिडेलिस या वायरीची विक्री याच कारणानं थांबवली होती. म्हणून नियमित तपासणी टाळू नये. प्रत्येक शॉकच्या वेळचा आलेख मशीनमध्ये साठतो, त्यावरून शॉक बरोबर होता की चूक ते डॉक्टरांना कळतं. घरच्यांनी अंदाज बांधत बसू नये.

हात लावणारा दगावतो, हे मात्र निव्वळ खोटं. फार तर हलकीशी झिणझिण जाणवेल. पेशंट कोसळला तर छाती दाबायला मागेपुढे पाहू नका.

एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लागोपाठ दोन बसले किंवा चक्कर, धाप, छातीत दुखणं असं काही असेल, तर थेट १०८.

आणि हो, शॉक बंद करण्याची सोय खरंच आहे. असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात पेशंटची इच्छा असेल, तर डॉक्टर प्रोग्रामरनं, म्हणजे आयसीडीचं सेटिंग बदलायच्या यंत्रानं, तेवढा भाग बंद करतात. पेसिंग, म्हणजे मंद ठोक्यांना हलक्या करंटनं चालना देणं, चालूच ठेवता येतं.