टीपीएन, मोबाइल ॲप आणि ‘आता रक्ततपासणी कशाला?’

घरी टीपीएन, म्हणजे शिरेतून पोषण, घेणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये एक मजकूर सध्या जोरात फॉरवर्ड होतोय. थोडक्यात तो असा: पोषण शिरेत ढकलणारा पंप मोबाइल ॲपला जोडा, वजन आणि ताप रोज भरा. मग पोषण किती गेलं ते अचूक कळतं, रक्ततपासण्यांची गरज उरत नाही, संसर्ग ॲपच आधी ओळखतं आणि नोंदींची वही फेकून दिली तरी चालते. अशी ॲप वापरावीत याच मताचा मी आहे, म्हणूनच हा मजकूर जास्त खटकतो.

‘किती गेलं ते अचूक कळतं.’ कळतं ते पंपाने किती ढकललं ते. नळी दुमडली किंवा चोंदली की दाब वाढतो आणि अलार्म वाजतो. पण जोडणी सैल होऊन गळायला लागली तर दाब वाढतच नाही. पंप बिनबोभाट मिलिलिटर मोजत राहतो, ॲपवर ‘पूर्ण’ असं येतं आणि पोषण गादीत मुरलेलं असतं. सकाळी चादर आणि ड्रेसिंग हाताने चाचपून बघणं हे काम कुठल्याच स्क्रीनला जमलेलं नाही.

‘वजन वाढतंय, मग रक्त कशाला?’ एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन दिवसांत दीड किलो वाढलं आणि घोट्यांवर सूज दिसली, तर ते बाळसं नव्हे, साठलेलं पाणी आहे. पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट वजनकाट्यावर दिसत नाहीत. फार कुपोषित रुग्णाला पोषण सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. दीर्घकाळ टीपीएनवर असलेल्यांचं यकृत बिघडतं तेही बराच काळ काही न जाणवता. तब्येत स्थिरावल्यावर डॉक्टर तपासण्यांमधलं अंतर काही महिन्यांपर्यंत वाढवतात हे खरं, पण ते आधीचे रिपोर्ट पाहून.

‘संसर्ग ॲप ओळखतं.’ हा दावा सगळ्यात घातक. तापाचा आकडा ॲपमध्ये तुम्हीच भरता, त्यामुळे तो ॲपच्या आधी तुम्हाला कळलेला असतो. पोषणाची पिशवी सुरू केल्यावर किंवा लाइन (शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे द्रव ढकलून साफ केल्यावर, हुडहुडी भरली, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर खात्री होईपर्यंत लाइनचाच संसर्ग धरायचा. पंप थांबवायचा, उपचार करणाऱ्या टीमला फोन करायचा, रुग्णालय गाठायचं. तिथे लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून असे दोन्हीकडचे कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी रक्ताचे नमुने, घेतात. घरात असलेली अँटिबायोटिकची गोळी आधीच दिली, तर कल्चरमध्ये जंतू सापडणंच अवघड होतं. आणि लाइनच्या तोंडाशी लाली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. संसर्ग नळीच्या आत असतो तेव्हा बाहेरून त्वचा अगदी स्वच्छ दिसू शकते.

वहीबद्दल फार बोलायला नको. फोन बंद पडतो, बदलला जातो. निदान शेवटच्या प्रिस्क्रिप्शनची आणि पंपाच्या सेटिंगची कागदी प्रत पंपाजवळ असावी.

ॲपचा खरा उपयोग वेगळाच आहे. स्टोमातून, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून, रोज किती गेलं, लघवी किती झाली हे सलग भरलं तर शरीरातलं पाणी कमी व्हायला लागल्याचं आकड्यांच्या चढ-उतारावरून लवकर लक्षात येतं. लाइनच्या जागेचे तारखेसह फोटो शेजारी शेजारी ठेवले तर हळूहळू वाढणारी लाली नजरेत भरते. मात्र ते आकडे कुणीतरी बघायला हवेत. काही ठिकाणी ते फक्त कामाच्या वेळात बघितले जातात आणि टीपीएन बहुतेकांचं चालतं रात्री. तेव्हा ॲप सुरू करून देणाऱ्याला एवढं विचाराच: रात्री दोन वाजता ३८.५ भरलं तर ते कुणाला दिसणार, आणि नाही दिसलं तर फोन कुठल्या नंबरवर करायचा?