‘समुद्रात टर्बाइन टाका, वीज फुकट’ : या दाव्यात पाणी कुठे मुरतंय?

सगळीकडे फिरणारा दावा असा : समुद्र 24 तास हलतो, पाणी हवेच्या 800 पट जड असतं, म्हणून कुठल्याही किनाऱ्यावर टर्बाइन टाका आणि अखंड, फुकट वीज घ्या. तंत्रज्ञान तयार आहे, तेल कंपन्यांनी ते दाबून ठेवलंय.

‘कुठल्याही किनाऱ्यावर’. 800 पट हे खरं. पण प्रवाहातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते. 2.5 मीटर प्रति सेकंद वेगात 18 मीटर व्यासाचा रोटर (टर्बाइनचं फिरणारं पातं-चक्र) साधारण 800 किलोवॅट देतो. वेग निम्मा झाला की उरतात 100. म्हणजे स्कॉटलंडच्या पेंटलँड फर्थसारखी चिंचोळी, जोरकस सामुद्रधुनीच हवी.

‘अखंड’. भरती-ओहोटीचा प्रवाह साधारण सव्वासहा तासांनी उलटतो आणि मधे थांबतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, वेग उधाणाच्या 60 टक्के असेल, तर वीज जेमतेम पाचवा हिस्सा. भरतीची खरी जमेची बाजू म्हणजे तिचं वेळापत्रक कित्येक वर्षं आधी काढता येतं.

लाटांचं तेवढंही नाही, आणि दावा दोघींना एकाच पोत्यात घालतो. 2 मीटर उंचीची, 8 सेकंदांची लाट दर मीटर रुंदीला सुमारे 16 किलोवॅट आणते. वादळातली 10 मीटरची, 14 सेकंदांची लाट जवळपास 690. यंत्र कमावतं पहिलीवर, पोलाद मात्र दुसरीच्या हिशेबाने घालावं लागतं.

‘दाबून ठेवलंय’. फ्रान्समधला रान्सचा 240 मेगावॅटचा प्रकल्प 1966 पासून उघडपणे चालू आहे. दक्षिण कोरियातला सिहवाचा 254 मेगावॅटचा 2011 पासून. दोन्ही बंधाऱ्यावरचे, आणि अख्खी खाडी अडवायला जागा व परवानगी क्वचितच मिळते. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर 2008 मध्ये 750 किलोवॅटची तीन पेलामिस लाट-यंत्रं लागली. बेअरिंगच्या दुखण्याने आणि पैशाअभावी काही महिन्यांतच ती काढावी लागली.

खरं घोडं पेंड खातं ते देखभालीत. सीलमधून खारं पाणी आत शिरतं, पात्यांवर शेवाळ आणि शिंपले चढून कार्यक्षमता घसरते, पोलाद गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे (अ‍ॅनोड) झिजतात. एक सील बदलायलाही जहाज भाड्याने घ्या, शांत हवामानाची वाट बघा, मग प्रवाह थांबतो त्या थोडक्या मिनिटांत नॅसेल (टर्बाइनचा जनित्र असलेला भाग) पायावरून उचला. हुकलं की पुढची संधी सहा तासांनी, तीही हवामान टिकलं तर. जहाजाचं भाडं मात्र चालूच. म्हणून पाण्याखालची जोडणी चटकन सुटणारी असणं हे पात्याच्या आकाराहून महत्त्वाचं. पेंटलँड फर्थमधल्या मेजेन प्रकल्पातली एक टर्बाइन अनपेक्षित दुरुस्तीशिवाय सहा वर्षांहून अधिक चालली, ही आजवरची सगळ्यात मोलाची बातमी. लाट-यंत्रांत तर तरंगणारी, झडपेची, हवा दाबणारी असे नाना प्रकार. एकच आराखडा ठरत नाही, म्हणून सुटे भाग घाऊक बनत नाहीत.

‘फुकट’. ब्रिटनच्या 2022 च्या लिलावात भरतीच्या प्रवाहाच्या विजेला मेगावॅट-तासाला 178.54 पौंड दर मिळाला, समुद्रातल्या पवनविजेला 37.35 (दोन्ही 2012 च्या किमतींत). तोही भरतीसाठी 2 कोटी पौंड वेगळे राखले म्हणून. खुल्या स्पर्धेत ती टिकलीच नसती. या उद्योगाला अशी राखीव खरेदी दरवर्षी हवी, म्हणजे तेच यंत्र दहाव्यांदा, विसाव्यांदा बनवता येईल.