कापूर, टी ट्री आणि ‘एका रात्रीत उवा साफ’

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की व्हॉट्सॲपवर एक निरोप पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर तोच असतो. वाटीभर खोबरेल तेल कोमट करा. त्यात पूजेच्या कापराच्या चार वड्या विरघळवा. टी ट्री तेलाचे (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांच्या सुगंधी तेलाचे) दहा थेंब आणि निलगिरी तेलाचे दहा थेंब घाला, मुलीच्या केसांच्या मुळांना चोळा आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधून रात्रभर ठेवा. सकाळी उवा आणि लिखा दोन्ही साफ. उपाय ऑस्ट्रेलियात सिद्ध झालेला, शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य. मेडिकलमधलं औषध मात्र विष आहे, ते आणू नका. आणि रोज वेणी घालताना याचे दोन थेंब लावले, तर पुन्हा उवा होणारच नाहीत.

हा निरोप सगळाच खोटा असता तर एवढा चालला नसता. यात एक खरी गोष्ट आहे, पण ती ज्या अटींवर खरी आहे त्या अटी नेमक्या गळून पडल्या आहेत.

‘एका रात्रीत उवा-लिखा साफ’

ऊ मारणं आणि लीख मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. मादी टाळूलगतच्या केसावर दिवसाला सहा-आठ अंडी घालू शकते आणि प्रत्येक अंडं चिवट प्रथिनाच्या वेष्टनाने केसाला चिकटवते. हे प्रथिन केसाच्या प्रथिनाशी इतकं मिळतंजुळतं असतं की केसाला धक्का न लावता ते विरघळवणारं घरगुती असं काही नाही. तेलाने लिखा ‘गळत’ नाहीत. त्या फणीने किंवा नखाने ओढूनच काढाव्या लागतात.

वनस्पतींच्या सुगंधी तेलांतले घटक मुख्यतः किड्याच्या मज्जासंस्थेवर मारा करतात. नुकत्याच घातलेल्या अंड्यात पहिले काही दिवस मज्जासंस्था तयारच झालेली नसते, मग मारा होणार कशावर? अंडं साधारण सात ते दहा दिवसांत फुटतं आणि त्यातलं पिल्लू आणखी नऊ ते बारा दिवसांत स्वतः अंडी घालण्याइतकं वाढतं. म्हणून सकाळी उशीवर मेलेल्या उवा दिसल्या तरी काम अर्धंच झालेलं असतं. आठवड्याने डोकं पुन्हा खाजतं आणि खापर फुटतं बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीवर. प्रत्यक्षात ती नवी पिल्लं बहुधा स्वतःच्याच डोक्यातल्या लिखांमधून आलेली असतात.

याच्या उलटही घडतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. टाळूपासून त्याहून लांब चिकटलेल्या पांढऱ्या लिखा बहुतेक वेळा रिकामी टरफलं असतात. त्या दिसतात म्हणून मुलीच्या डोक्यावर आठवडेच्या आठवडे काहीबाही ओतलं जातं. चालणारी ऊ दिसत नसेल, तर औषधही नको आणि कापूरही नको.

राहिला खोबरेल तेलाने उवा गुदमरण्याचा मुद्दा. ऊ अंगावरची श्वासछिद्रं मिटून घेऊ शकते आणि पाण्याखालीही काही तास जगू शकते. तेलाने ती सुस्त होते, केस गुंतत नाहीत आणि फणी सहज फिरते. खोबरेल तेलाचा हा उपयोग खरा आहे, पण तो फणी हातात घेतली तरच.

‘ऑस्ट्रेलियात सिद्ध’

या दाव्यामागे खरा अभ्यास आहे आणि तो चांगला आहे. बार्कर आणि ऑल्टमन या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. उवा असलेल्या १२३ मुलांचे तीन गट केले होते. टी ट्री आणि लॅव्हेंडर तेलाचं औषध वापरलेल्या गटात शेवटी ९७.६ टक्के मुलं उवामुक्त झाली. उवांना गुदमरवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या गटातही आकडा तेवढाच, ९७.६. पायरेथ्रिन या उवांवरच्या नेहमीच्या औषधाच्या गटात मात्र फक्त २५ टक्के. म्हणजे टी ट्री तेलाला उवा घाबरतच नाहीत असं म्हणणारेही चुकतात.

पण त्या औषधात टी ट्री तेल १० टक्के होतं आणि लॅव्हेंडर १ टक्का. ते आठवड्याच्या अंतराने तीनदा लावलं होतं. आता निरोपातला हिशेब करा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे दहा थेंब अर्धा मिलिलिटर. वाटीत शंभर मिलिलिटर खोबरेल धरलं, तर प्रमाण अर्धा टक्का, म्हणजे चाचणीतल्या औषधाच्या विसाव्या भागाएवढं, आणि तेही एकदाच. चाचणीत कापूर नव्हता, निलगिरी नव्हती, प्लास्टिकची पिशवी नव्हती. शिवाय याच संशोधकांनी पुढच्या वर्षी अंड्यांवरचा परिणाम तपासला, तेव्हा टी ट्री-लॅव्हेंडर औषधाने निम्म्याहून कमी, ४४.४ टक्के अंडी मेली. लिखा साफ होतात असं ऑस्ट्रेलियातही सिद्ध झालेलं नाही.

मग घरीच दहा टक्क्यांचं मिश्रण करावं का? नको. टी ट्री तेल त्वचेला ॲलर्जी आणणाऱ्या तेलांपैकी एक आहे आणि उघडून ठेवलेल्या बाटलीतलं तेल हवेने बिघडलं की हा धोका वाढतो. खाजवून खाजवून सोललेल्या टाळूवर ते आणखी झोंबतं. त्यात स्वस्त बाटलीत नेमकं काय आणि किती आहे, हे लेबलावरून कळेलच असं नाही.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य’

या मुद्द्यावर मी अडून बसणार आहे, कारण इथे मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आधी ‘नैसर्गिक’ पाहू. पूजेचा कापूर आज बहुतांशी कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनवतात. झाडाचा असता तरी फरक पडला नसता, कारण कापराचा रेणू मेंदूला त्रास देणारा आहे. तो त्वचेतून शोषला जातो आणि पोटात गेला तर फार लवकर, कधी काही मिनिटांतच, झटके (फिट) आणू शकतो. अमेरिकेत २० टक्के कापूर असलेल्या तेलावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी आली आणि मलमांतल्या कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. त्या २० टक्क्यांच्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यात एक ग्रॅम कापूर असायचा आणि लहान मुलाच्या जिवाला एवढाही धोका ठरू शकतो. आपल्याकडे हे मिश्रण वाटीत कालवून पलंगाशेजारी ठेवतात. त्याच खोलीत दोन वर्षांचं भावंड रांगत-चालत असतं, आणि वाटीला खोबरेलाचा ओळखीचा वास असतो.

निलगिरीचीही हीच गत. बंगळुरूचे मेंदूविकारतज्ज्ञ थॉमस मॅथ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगंधी तेलांशी संबंध असलेल्या झटक्यांचे रुग्ण अभ्यासले आहेत. त्यांत वारंवार येणारी नावं निलगिरी आणि कापूर हीच आहेत, आणि यांतले सगळेच रुग्ण तेल प्यायलेले नव्हते; कुणी ते नुसतं चोळलं होतं, कुणी हुंगलं होतं. घरात कुणाला फिट येत असेल, तर हा निरोप वाचून झाल्यावर पुसून टाका.

कुणी मूल हे मिश्रण प्यायलं, तर उलटी करवू नका, वाट पाहू नका, बाटली किंवा वाटी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. आणि प्लास्टिकची पिशवी झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर कधीच नको. सरकून तोंडावर आली तर मूल गुदमरतं, आणि तिच्याखाली तेल त्वचेत जास्त मुरतं.

आपल्याकडचा आणखी एक ‘नैसर्गिक’ उपाय म्हणजे सीताफळाच्या बियांची पूड. तिने उवा मरतातही. पण धुताना ती डोळ्यांत गेली, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो. असे रुग्ण भारतात आणि थायलंडमध्ये अनेकदा नोंदले गेले आहेत. जे विष उवेला मारतं ते झाडातून आलं म्हणून डोळ्याला सोडत नाही. रॉकेल आणि डांबरगोळ्यांची पूड यांबद्दल इतकंच सांगते की पहिलं पेट घेतं आणि दुसऱ्याने काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

‘मेडिकलमधलं औषध विष’

त्या ऑस्ट्रेलियन चाचणीत हरलेलं पायरेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाचा अर्क आहे. मेडिकलमध्ये मिळणारं परमेथ्रिन त्याचीच प्रयोगशाळेतली नक्कल. ‘झाडाचं चांगलं, कारखान्याचं वाईट’ ही वाटणी इथे टिकतच नाही.

लोकांच्या भीतीला मात्र कारण आहे. पूर्वी सर्रास वापरलं जाणारं लिंडेन हे उवांचं औषध मज्जासंस्थेला घातक होतं आणि जगभर ते मागे पडलं. परमेथ्रिन वेगळं आहे. उवांसाठीचं १ टक्क्याचं परमेथ्रिन त्वचेतून फार थोडं शोषलं जातं आणि दोन महिन्यांवरच्या बाळालाही चालतं. त्याची खरी अडचण दुसरीच आहे. अनेक देशांत उवा त्याला पुरून उरल्या आहेत. ‘औषध लावलं, काही झालं नाही’ हा अनुभव म्हणून खरा असू शकतो. पण बऱ्याचदा नऊ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचं राहून गेलेलं असतं. दोनदा नीट लावूनही उवा फिरताना दिसल्या, तर त्याच औषधाचा मारा वाढवू नका, डॉक्टरांना दुसरं विचारा. डायमेथिकोन नावाचं सिलिकॉन तेल उवेला बाहेरून वेढून मारतं. ते पूर्ण कृत्रिम आहे आणि तरी उवांवरच्या सर्वांत निर्धोक उपायांत मोडतं.

आणि फणी. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांची फणी ठरावीक अंतराने चारदा फिरवणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलं उवामुक्त झाली. दुकानातलं औषध एकदा लावणाऱ्यांपैकी १३ टक्के. हे काम वेळखाऊ आहे. कमरेएवढे केस असतील तर तास जातो, आणि तो बहुतेक घरांत आईचाच जातो. हा तास वाचवण्याचं आमिष दाखवतो म्हणून तो निरोप लोकप्रिय आहे, हे मला कळतं.

‘रोज दोन थेंब, उवा येणारच नाहीत’

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की केसावरून केसावर चालत जाते. दोन थेंबांच्या वासाने ती थांबते असा भरवसा देता येत नाही, आणि रोज लावल्याने ॲलर्जीची शक्यता तेवढी वाढते. शाळेच्या दिवसांत वेण्या घट्ट घाला, रविवारी न्हाऊ घालताना फणी फिरवा, आणि एका मुलीच्या डोक्यात ऊ सापडली की त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, आजीचंही.